दुसऱ्याच्या नावाचा तांब्या

मित्रांनो, श्रीपूरला कारखान्याच्या वसाहतीत एका घराच्या माळ्यावर जुन्या पाट्या आणि मोडकी छत्री पडली आहे. तिच्यामागे धुळीत जो पिवळा गोळा दिसतो, तो मी. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. माझ्या गळ्याला आटे आहेत आणि झाकण त्यांवर फिरवून बसवायचं असतं. एकदा ते घट्ट बसलं, की मला एसटीत पायाखाली टाका, उलटा धरा, थेंब सांडणार नाही. आता घरात निळी प्लास्टिकची बाटली आली आहे. ती हलकी आहे आणि तिला चिंच लावून घासावं लागत नाही. तिच्यावर माझा राग नाही. मी माळ्यावर आलो, तो मात्र बाटलीमुळे नव्हे. का आलो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म तांबटाच्या भट्टीजवळ झाला. पितळेचा पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. फार ठोके खाल्ले मी. शेवटी तांबटानं मला चिंचेनं घासलं आणि माझ्या पोटात त्याचं स्वतःचं तोंड त्याला दिसलं, तेव्हा तो हसला. मला वाटलं, आपण सुंदर आहोत.

सांगोल्याच्या बाजारात गोजरबाई नावाच्या एका बाईनं मला विकत घेतलं. तिला कुणाच्या तरी लग्नात आहेर करायचा होता. ती दुकानदाराला म्हणाली, "नाव घाला की. न्हाईतर कुणी केला आहेर, कसं कळायचं?" दुकानदारानं बारीक खिळा आणि हातोडी घेतली आणि टिपक्याला टिपका जोडत माझ्या पोटावर कोरलं, 'गोजरबाई महिपती, सांगोले'.

मित्रांनो, आहेराचं भांडं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला घरी विचारलं तर सांगतील. ते वापरायचं नसतं. मांडवात तांदूळ भरून हातात द्यायचं, मग ते ट्रंकेत जायचं, आणि पुढच्या लग्नाला तेच भांडं दुसऱ्याला द्यायचं. मी असाच या मांडवातून त्या मांडवात फिरलो. पोटावर नाव गोजरबाईंचं आणि देणारा दरवेळी वेगळाच. कितीतरी वर्षं माझ्या पोटात पाणी गेलं नाही. शेवटी माढ्याला एका लग्नात मी नवरीच्या, म्हणजे विजयमालाच्या, हातात आलो. ही मुलगी बी.ए. झालेली, नंतर श्रीपूरच्या शाळेत शिक्षिका झाली. तिनं मला ट्रंकेत टाकलं नाही. जाड कापडाची खोळ शिवली, कडीला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधला आणि मला कामाला लावलं. त्या दिवशी मी खरा तांब्या झालो.

विजयमालाचा माझ्यावर फार जीव होता. आणि तिचा सगळा जीव तिच्या मुलीवर होता. मुलीचं नाव वासंती, पण घरात, शेजारात, शाळेच्या व्हरांड्यात सगळे तिला बबीच म्हणत. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. टँकरचं पाणी पिऊन पोरं आजारी पडलेली विजयमालानं पाहिली होती. ती पाणी उकळायची, गाळायची, निवलं की माझ्यात भरायची. बबी जिथं जाईल तिथं मी. दाराचा उंबरा, चुलीचा जाळ, हौदाचा काठ, रस्त्यावरून जाणारी उसाची गाडी, सगळीकडे तिचे डोळे आधी जायचे आणि मग पाय. रोज ती मला घासायची. माझ्यावरचे टिपके तिच्या बोटांखालून रोज जायचे. पण भांड्यावरचं नाव कोण वाचतं? डोळ्यांना ते नक्षीसारखंच होऊन जातं.

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला जिल्ह्यातल्या शिक्षकांची परिषद भरली आणि नमुना पाठ घ्यायला विजयमालाचं नाव निघालं. मानसिंग, तिचा नवरा, कारखान्यात कारकून. त्यानं रजा काढली. "तू पाठ घे. आपण बबीला सोलापूर दाखवू. आक्काकडं राहू. तेवढंच भावाबहिणीचं बोलणं होईल," तो म्हणाला. विजयमाला हसली खरी, पण त्या दिवसापासून तिला धड जेवण जाईना. पाठाची भीती होती, आणि शहरात मूल न्यायची त्याहून जास्त.

आक्का म्हणजे मानसिंगची थोरली बहीण तानाबाई. तिचा नवरा गिरणीत होता. चाळीतली एक खोली, पण तिनं आमच्यासाठी सारवून, पुसून लख्ख ठेवली होती. बबीला पाहताच तिनं तिला उचललं आणि माठातलं पाणी पेल्यात ओतून पुढं केलं. विजयमाला चटकन म्हणाली, "तिला तांब्यातलंच देते, आक्का. उकळलेलं आहे."

आक्काचा हात तिथंच थांबला. "का गं मास्तरीणबाई? आमचं पाणी काय वढ्याचं हाय व्हय?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मानसिंग मध्ये पडला. "आक्का, ती शाळेतसुद्धा असंच करती. तुझ्यावर न्हाई ते." आक्कानं पेला स्वतः पिऊन टाकला.

संध्याकाळी सगळे सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. पाण्याच्या मधोमध देऊळ, त्याच्याकडे जाणारी वाट, दिवे लागलेले. बबी टाळ्या वाजवत होती. विजयमाला देऊळ पाहतच नव्हती. तिनं बबीचं मनगट धरलं होतं आणि पायऱ्या, शेवाळ, पाण्याची कड असं एकेक पाहत होती. आक्का म्हणाली, "आगं सोड की तिला जरा, पळू दे." पण तिनं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिषद. भुईकोट किल्ल्याजवळच्या एका शाळेच्या पटांगणात मोठा मंडप घातला होता. एका बाजूला शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन, मधे मंच, आणि चारी बाजूंच्या खांबांवर कर्णे बांधलेले, बाहेर बसलेल्यांनाही पाठ ऐकू यावा म्हणून. विजयमाला ज्वारीची धाटं घेऊन आली होती. दहा धाटांची एक जुडी बांधायची आणि त्यातून मुलांना दशक-एकक शिकवायचं, असा तिचा पाठ होता. मंचावर समोर बाकांवर दुसऱ्या शाळेतली लहान मुलं बसवली होती. इतकी परकी मुलं आईभोवती पाहून बबीनं एकदम सूर काढला, "आई, मला घे!" मंडपातले लोक वळून पाहू लागले. विजयमालाचा चेहरा लाल झाला. ती वाकून म्हणाली, "आक्का, जरा बाहेर न्या ना हिला. बागेत. पाठ संपेपर्यंतच. आणि पाणी ह्यातलंच." तिनं मला बबीच्या खांद्यावर अडकवलं.

मानसिंग मागे पुरुषांच्या रांगेत बसला. बायको मंचावर उभी राहणार, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

आक्का आम्हाला किल्ल्याच्या बागेत घेऊन गेली. तिथं तिच्या चाळीतली रत्नम्मा भेटली. "काय तानाबाई, भाची का?" "भाची की. पण पानी इच्यासाठी घरनं येतंय बग, आमचं चालत न्हाई!" पाण्याचं दुखणं मनात होतंच, ते निघालं. दोघी बोलत राहिल्या. बबीनं बागेच्या दाराबाहेर एक टांगा पाहिला. घोड्यानं मान खाली घातली होती. ती निघाली, आणि तिच्याबरोबर मी. मित्रांनो, मी पितळेचा आहे. मला हाक मारता येत नाही. पट्ट्याला लोंबकळत मी फक्त आक्काची पाठ लहान लहान होताना पाहिली.

टांगेवाला चांदसाब आपल्या गाडीत डुलक्या घेत होता. त्याला जाग आली तेव्हा बबी माझं झाकण काढून घोड्याच्या तोंडाला मला लावत होती. "पी," ती सांगत होती. "उकलेलं हाय."

"अरे अरे, बच्ची!" चांदसाब खाली उतरला आणि तिला घोड्याच्या पायांपासून बाजूला घेतलं. "नाव काय गं तुझं?"

"बबी."

"आईचं नाव?"

"आई."

"आणि बापाचं?"

"अण्णा."

"गाव कुठलं?"

"घल."

चारही उत्तरं खरी होती, मित्रांनो. आणि एकाचाही उपयोग नव्हता. चांदसाबनं बागेच्या दाराशी दोनतीनदा हाक दिली, "कोणाची हाय लेकरू?" पण आक्का तोवर उलट्या बाजूला तळ्याकडे धावत गेली होती. तिच्या मनात पाणीच आलं. तिला मुलगी सापडेना तेव्हा ती कुणाला विचारायलाही थांबली नाही. पायऱ्यांवर उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहून ती तळ्यात बघत होती.

जवळपास गर्दी होती ती मंडपातच, म्हणून चांदसाबनं बबीला टांग्यात बसवलं आणि मंडपाच्या दाराशी आणलं. तिथं शिवयोगी गुरुजी उभे होते, छातीवर स्वयंसेवकाचं रंगीत फूल लावून. त्यांनी बबीला विचारलं आणि त्यांनाही तीच चार उत्तरं मिळाली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. भांड्यावर नाव असणारच, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांनी खोळ वर सरकवली आणि चष्मा कपाळाकडे ढकलून वाचलं. "गोजरबाई महिपती, सांगोले. झालं काम! सांगोल्याच्या कुणी शिक्षिका असतील. चांदसाब, तू थांब हिला घेऊन. पाठ चालू आहे, रडतं पोर आत कसं न्यायचं? मी पुकारून येतो."

मी ओरडत होतो, पण आतल्या आत. ती गोजरबाई इथं नाही, गुरुजी. हिची आई त्या कनातीपलीकडे उभी आहे, हातात धाटांची जुडी घेऊन.

कर्ण्यातून तिचा आवाज येत होता. "सांगा बरं, दहा धाटं एकत्र बांधली की काय झालं?" आणि मुलं ओरडली, "जुडी!" बबीनं रडणं थांबवलं. तिनं वर पाहिलं. खांबावर उंच तो कर्णा होता. "आई," ती म्हणाली. मग जोरात, "आई! ए आई!" चांदसाब तिची पाठ थोपटत राहिला. "येईल, येईल तुझी आई."

कर्ण्यात जरा खरखर झाली. गुरुजींनी मंचाच्या कडेला जाऊन विजयमालाला हळूच निरोप सांगितला असणार. कारण पुढचे शब्द तिचेच होते, स्वच्छ, वर्गात बोलावं तसे. "एक सूचना आहे. सांगोल्याच्या गोजरबाई महिपती इथं असतील, तर त्यांनी लगेच दाराशी यावं. त्यांची मुलगी चुकली आहे आणि ती रडते आहे." ती क्षणभर थांबली. "आणि बायांनो, गर्दीत मुलं अशी सोडू नयेत हो."

मंडपात थोडं हसू उमटलं. तिनं जुडी उचलली आणि पाठ पुढं सुरू केला.

बबी वर पाहून हाका मारतच होती. कर्णा बोलत होता, ऐकत नव्हता.

कुणीच आलं नाही. गुरुजी परत आले आणि म्हणाले, "सांगोल्याची मंडळी दुपारच्या गाडीनं जायचं म्हणत होती. निघाली असतील स्टँडकडे. मूल इथं आहे हे बाईंना माहीतच नसेल. चौकीत नेलं तर लेकरू घाबरेल. चांदसाब, तू गाडीवरच दे." चांदसाबला सगळे ओळखत होते. त्यानं घोडा हाकला. मंडप मागे राहिला आणि कर्ण्यातला आवाजही मागे राहिला. बबी मागे वळून पाहत होती.

स्टँडवर सांगोल्याची गाडी लागलेलीच होती. चांदसाबनं दारातून विचारलं, "गोजरबाई महिपती कोण हाय गाडीत?" पटकेवाला एक माणूस उठला. "गोजरबाई? आमच्या गल्लीतली की! तिची नात आसंल. आन हिकडं. देतो घरी पोचवून." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं बबीला उचलून आत घेतलं आणि खिडकीशी बसवलं. मी तिच्या मांडीवर. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

मित्रांनो, मला घडवताना खाल्लेले सगळे ठोके एकदम पडले असते तरी मला इतकं दुखलं नसतं. ज्या नावासाठी मला टिपका टिपका टोचून घ्यावं लागलं, ते नाव या मुलीला तिच्या आईपासून लांब घेऊन चाललं होतं.

शेजारच्या बाकावर बनाबाई नावाची एक बाई बसली होती. तिनं मला हातात घेतलं, फिरवलं, कडी चाचपली. "थांब रं," ती पटकेवाल्याला म्हणाली. "ह्यो तांब्या गोजर चुलतीनं माझ्या नंदंच्या लग्नात आहेर केल्याला. मांडवात मीच हातात घेतला हुता. किती वरसं झाली. चुलतीला आता एवढं लेकरू कुटलं?"

"नात आसंल."

"तिच्या नातवंडांस्नी मिसरूड फुटलीया. आन् नात असती तर म्या वळकली नसती व्हय?" तिनं बबीची हनुवटी वर केली. "ह्ये सांगोल्याचं न्हाई. तांब्या हिंडत हिंडत कुणाच्या घरी गेलाय, त्या घरचं लेकरू हाय ह्ये."

"मावशे, बसायचं का न्हाई?" कंडक्टर खेकसला. "सांगोल्याला फुडली गाडी उद्या सकाळी."

"मग उद्याच्या गाडीनं जाईन की. आन् ह्यो पटकेवाला लेकरू घिऊन निगालाय, पोलिसच हाय जनू!" असं म्हणत ती बबीला कडेवर घेऊन खाली उतरली. तिचं बाजाराचं गाठोडं पटकेवाल्यानं खिडकीतून खाली दिलं. गाडी निघून गेली. बनाबाईनं गाठोड्यावर बैठक मारली आणि चांदसाबला म्हणाली, "जितनं आनलंस तितंच माघारी जा. आई तितंच आसंल. म्या हितनं हालत न्हाई."

मंडपात पुढं काय घडलं ते मला नंतर घरात ऐकून कळलं. पाठ फार चांगला झाला. टाळ्या पडल्या, विजयमालाला गुलाबाचं फूल दिलं. ती फूल घेऊन दाराशी आली आणि समोरून आक्का आली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोक्यावरचा पदर पडलेला. "विजू... बबी दिसंना गं."

विजयमालानं एवढंच विचारलं, "तांब्या?"

"तिच्याच गळ्यात हाय."

शिवयोगी गुरुजी तिथंच उभे होते. "तांब्यावाली मुलगी? पण ती तर गोजरबाईंची. तुम्हीच पुकारलंत की, बाई."

विजयमाला रस्त्याकडे धावत सुटली. मानसिंग तिच्यामागे धावला. तेवढ्यात चांदसाबचा टांगा आला. मुलगी स्टँडवर आहे, असं त्यानं सांगितलं आणि तिघं टांग्यात बसली. वाटेत आक्का रडत म्हणत होती, "मला बोल गं काहीतरी. शिव्या दे." विजयमाला म्हणाली, "तुम्हाला काय बोलू, आक्का? तुम्ही पाण्यात उतरून शोधत होता. मी..."

ती स्टँडवर धावत आली, तेव्हा बबी बनाबाईच्या मांडीवर शेंगा खात होती. विजयमालानं तिला ओढून छातीशी धरलं. डोकं, हात, पाय, सगळं चाचपून पाहिलं. बबी रडली नाही. तिनं आईच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "आई, तू वल हुतीस ना? मी हाक माल्ली. तू बोल्लीस, पन आली न्हाईस."

मानसिंगनं बनाबाईला त्या दिवशी आक्काकडं मुक्कामाला चलायचा फार आग्रह केला. ती म्हणाली, "नको बापा. माझी भाची हाय सोलापुरात, तिकडं जाती. तुमी लेकरू सांबाळा." आणि गाठोडं डोक्यावर घेऊन ती गेली.

सोलापुरात पाहायचं पुष्कळ राहिलं होतं. कुणी त्याचं नाव काढलं नाही. परतीच्या एसटीत विजयमाला बबीला मांडीवर घेऊन सारखी एकच गोष्ट शिकवत होती.

"तुझं नाव काय?"

"बबी."

"वासंती. वासंती मानसिंग. आणि आईचं नाव?"

"आई."

"विजयमाला."

"न्हाई," बबी म्हणाली. "तू आई."

मानसिंग म्हणाला, तांब्यावरचं जुनं नाव घासून टाकू आणि आपलं कोरून घेऊ. विजयमालानं मान हलवली. घरी आल्यावर तिनं मला शेवटचं घासलं, पुसलं आणि माळ्यावर ठेवलं. ती माझ्यावर रागावली नव्हती, हे मला ठाऊक आहे. तिला माझ्याकडं पाहवत नव्हतं. बबी आता शाळेत जाते. आपलं नाव, आईचं, वडिलांचं, गावाचं, सगळं एका दमात म्हणते. तरीही बाजारात कुठं लाउडस्पीकर लागला, की विजयमाला बोलता बोलता थांबते आणि तिचा हात आपोआप मुलीला शोधतो.

मित्रांनो, मला खाली काढा, चिंच लावून घासा, असं मी म्हणत नाही. माझं काय, मी पितळ आहे, धुळीतही टिकेन. पण तुम्ही आजच आईजवळ जाऊन बसा. आपलं पुरतं नाव म्हणून दाखवा, तिचं नाव विचारून घ्या, गाव विचारून घ्या, आणि चुकायचं थांबेपर्यंत म्हणत राहा. आणि तिला एवढं माझं म्हणून सांगा, की गर्दीत कधी चुकलेलं लेकरू पुकारलं गेलं, तर नाव कुणाचंही असो, तू हातातलं काम ठेव आणि एकदा उठून बघून ये.